पुडीतला घोडा

पुडी उघडायच्या आधीच मला कळलं की ती ताईने बांधलेली आहे.

घड्याळजीच्या दुकानात उजव्या फळीवर, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळांशेजारी, एक पत्र्याचं खोकं असतं. त्याला तो 'सरसकट' म्हणतो. घरं रिकामी करणारे लोक त्याच्याकडे जुनी घड्याळं आणून टाकतात आणि घड्याळांबरोबर कपाटांच्या खणांतला सगळा चुराही आणतात: किल्ल्या, बटणं, एका काचेचे चष्मे, कधीमधी फार जुनी नाणी. ही नाणी चालवणारे राजे कधीच मातीला मिळाले आणि त्यांची राज्यंही. घड्याळजीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो नाणी तेवढी वेचून सरसकटमध्ये टाकतो. कोणतंही उचला, भाव एकच, एका साध्या जेवणाला पडेल तेवढा. दर गुरुवारी दुपारी मी तिथे उभा राहतो, हात मनगटापर्यंत खोक्यात घालतो आणि बोटांनी ढवळतो. आज बोटांना कागद लागला. त्या खोक्यात कागद कधी नसतो. बाहेर काढला तर चौकोनी पुडी. आधी तिसऱ्या हिश्शावर घडी, मग दोन्ही कडा आत, आणि शेवटचं टोक पोटात सारलेलं. पूर्वी दवाखान्यात चूर्ण बांधून द्यायचे तशी. आता असं औषध कोणी बांधत नाही. या गावात ही घडी घालणारे हात माझ्या माहितीत दोनच आहेत आणि ते एकाच बाईचे आहेत. वर पेन्सिलीने लिहिलेलं: घोडा, तोंड डावीकडे. कड तुटकी. ३.४२. आणि आकड्याखाली दोन रेघा. आकडा चुकीचा वाचला गेला तर माणूस दगावतो, म्हणून औषधाच्या वजनाखाली दोन रेघा मारायच्या, ही ताईची दवाखान्यातली शिस्त. चौतीस वर्षं कंपाउंडर होती ती. दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर' अशी चिठ्ठी लिहिली तरी अर्ध्याखाली दोन रेघा असतात.

मी तसाच उभा राहिलो. तळहातावर पुडीचं वजन जाणवत होतं, आणि आजूबाजूला वीसपंचवीस घड्याळं आपापली वेगळी वेळ टिकटिकत होती. खरं सांगायचं तर मला आधी राग आला नाही, भीतीही वाटली नाही. आधी वाटलं ते कुतूहल. खाणीत उतरलेल्या माणसाला भिंतीवर आपलंच नाव कोरलेलं दिसावं तसं काहीतरी. माझ्या सगळ्या नाण्यांच्या पुड्या ताईच बांधते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी नाणं घेऊन घरी आलो की ती म्हणते, "आणलंस आणखी एक मढं?" आणि म्हणता म्हणताच दवाखान्यातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला छोटा तराजू पेटीतून काढते, वजन करते, लिहिते, पुडी बांधते, खणात ठेवते. म्हणजे पहिला विचार आला तो हा, की ताई माझी नाणी विकते आहे. तो विचार आला तसाच गेला, कारण डावीकडे तोंड केलेला घोडा माझ्याकडे नाही. आईला अंधारात हात फिरवून पोरं मोजता येतात, तशी मला माझी नाणी मोजता येतात. मग दुसरा विचार आला: ताई दुसऱ्या कुणासाठी पुड्या बांधते. दुसरा कोणी नाणीवाला आहे, माझ्याहून बरा, आणि त्याच्या नाण्यांना ती मढी म्हणत नाही. हा विचार जरा जास्त वेळ थांबला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी बहिणीवरून मत्सर वाटावा, याची गंमतही वाटली आणि छातीत कुठेतरी खुपलंही.

"काय मीटरवाले, मुंगी चावली का?" घड्याळजी पाठमोराच म्हणाला. एका डोळ्यात भिंग खोचून तो कुठल्यातरी मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होता. "हात घालून उभे राहिलात ते राहिलातच."

"घड्याळजी, आज खोकं कोणी भरलं?"

"मीच. दुसरं कोण भरणार, माझा सासरा?"

"नवीन काय टाकलंत?"

"टाकलं असेल चार-दोन. मी काय नावं ठेवतो त्यांची?" मग त्याने मान वळवली आणि माझ्या हातातली पुडी बघितली. एरवी डोळ्यातलं भिंग पडतं ते तो न बघता तळहातावर झेलतो. ती त्याची ऐट आहे. आज भिंग टेबलावर पडलं, घरंगळत कडेपर्यंत गेलं, आणि तो नुसता बघत राहिला. "अरेच्चा," तो म्हणाला, "काढायची राहिली वाटतं." आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, आलं तसं टाकलं हो मी. पुडीसकट."

"कुठून आलं?"

"येतं हो. नदीला पाणी कुठून येतं, विचारता का?" त्याने भिंग उचललं, शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं. "सरसकट भाव. घ्यायचं तर घ्या. आज तुम्ही घासाघीस पण करत नाही, तब्येत बरी आहे ना?"

घासाघीस मी केली नाही हे खरं. माझी एक पद्धत आहे. हवं असलेलं नाणं कधी आधी उचलायचं नाही. आधी दुसरं, टाकाऊ, उचलायचं, उजेडात धरायचं, नाक मुरडायचं, ठेवायचं. मग हवं ते जाता जाता, जणू हाताला चिकटलं म्हणून घ्यायचं. गरिबाच्या हौसेला अशी सोंगं करावीच लागतात. आज पैसे ठेवले, पुडी खिशात घातली आणि बाहेर पडलो.

दुकान ते घर चालत वीस मिनिटं. मी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. फुटपाथच्या कडेच्या खड्ड्यात वाकायचं, झाकण उचलायचं, चिखलाने माखलेली काच अंगठ्याने पुसायची आणि अर्धा दिसणारा आकडा पुरा वाचायचा. आठाची वरची गाठ दिसली तर तो आठ, की तीनच, की नऊ? साहेब म्हणायचे, तुला चिखलातलं वाचता येतं. झिजलेलं नाणं काय वेगळं असतं? ज्यांच्याकडे पैसा असतो ते चेहरा स्वच्छ दिसणारं नाणं घेतात. मी एक बाजू मेलेली आणि एक बाजू जिवंत असलेलं घेतो. भोक पाडलेलं घेतो, कुणी तरी कधी गळ्यात घातलेलं. हिरवी माती चढलेलं घेतो आणि ती माती कधी घासत नाही, कारण घासणाऱ्याने दोन हजार वर्षं एका दुपारी धुऊन टाकलेली मी पाहिली आहेत. विकणारा आवराआवर करत असतो तेव्हा जातो. परत उचलून न्यायचा कंटाळा हा मोठा दाता आहे. आणि वाट बघतो. वाट बघायला पैसे पडत नाहीत. एकदा जुन्या बाजारात एक बाई नांगर आणि बैलांचं नाणं कोटाचं बटण म्हणून विकत होती, बाकीच्या बटणांच्या डबीत. मी डबीच घेतली. घरी आलो तर ताई म्हणाली, "एक बटण तुटलं म्हणून डबाभर आणलीस?" आणि मी नुसता हसत बसलो. तो दिवस माझा होता. मला बायको नाही, घर भाड्याचं, नोकरीत वरची जागा कधी मिळाली नाही. पण नजर होती. माणसाला स्वतःचं म्हणावं असं एक काहीतरी लागतं, मग ते किती का लहान असेना.

आणि इथे, औषधांच्या दुकानापाशी, रस्ता ओलांडायला थांबलो असताना तिसरा विचार आला. तो आला म्हणणंही बरोबर नाही. तो होताच, मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते काही साधलं नाही. त्या डोळ्यापुढे आरशावर श्वास सोडल्यासारखं कायम राहिलं, आणि उजवाही त्याच्या सोबतीने मंदावला. पाच महिने मी सरसकटमधून काही आणलं नाही. मग एका गुरुवारी आणलं. घडीदार रुमालात गुंडाळून, धापा टाकत. ताईने तराजूत टाकलं, वजन बघितलं, पुन्हा बघितलं, पेन्सिल खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "नळाचा वायसर आहे हा, ठोंब्या." मी मोठ्याने हसलो. एकतीस वर्षं नळाच्या मीटरवर काढली आणि वायसर ओळखता आला नाही! मग संध्याकाळ होईपर्यंत खिडकीत बसून राहिलो. मला वाटलं होतं ती भांडी घासते आहे. आता आठवलं, भांड्यांचा आवाज येत नव्हता. आणि त्याच महिन्यानंतर माझं नशीब उघडलं. धान्याच्या कणसाचं चांदीचं नाणं. मग शिडाचं जहाज. मग केस बांधलेल्या बाईचा चेहरा, इतका स्वच्छ की तिच्या कानातलं दिसावं. मी साऱ्या जगाला सांगत सुटलो, एक डोळा गेला आणि दुसरा उघडला. घड्याळजीच्या दुकानात उभं राहून, कथेकरी रंगात येतो तसा हात उंचावून, मी निरूपण केलं होतं: बघणं डोळ्यात नसतं घड्याळजी, बघणं आत असतं. तेव्हा तो मान डोलवत होता आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसत होता. पुसत होता, पुसत होता. आज पुसलं तसंच.

दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मी रस्ता ओलांडलाच नाही. खिशात बोटं पुडीवर फिरत होती आणि मनात एकेक नाणं खणातून वर येत होतं, तोंड वळवून माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याला विचारत होतो, तू कुणाचं? जहाज, तू कुणाचं? कणसा, तू? मग आणखी मागचीही. नांगराचं खरंच बटणांच्या डबीत होतं, की त्या बाईलाही कुणी सांगून ठेवलं होतं? एका पुडीने सगळी भिंत ओली होत गेली. असंही वाटलं, की सापडलं सापडलं म्हणून आपण नाचतो ते सगळं कुणीतरी ठेवलेलंच तर असतं. कुणी भिऊन जमिनीत पुरलं, कुणाच्या फाटक्या खिशातून गळलं, वर काढणाऱ्याने वर काढलं. आपण फक्त वाकलो. हे खरं आहे, मी मानतो, देवघराशी बसून मी हेच रोज स्वतःला सांगतो. पण देवाने ठेवलेलं सापडणं वेगळं आणि थोरल्या बहिणीने ठेवलेलं सापडणं वेगळं. दुसऱ्यात आपण लहान होतो.

आणि लहान म्हटल्यावर निळं बटण आठवलं. मी नऊ वर्षांचा होतो, ताई अठराची. दोन महिने ताप उतरेना. आई कामावर जायची. दुपारभर ताई माझ्या अंथरुणात बटणं लपवायची, उशीखाली, पांघरुणाच्या घडीत, माझ्या मोज्यात सुद्धा, आणि म्हणायची, "इथे एक बटण होतं बाई, कुठे गेलं?" मी शोधायचो. सापडलं की ती टाळ्या वाजवायची. मला वाटायचं बटणं आपली आपण येतात, तापाबरोबर. मग एका दुपारी झोप मोडली आणि पापण्यांच्या फटीतून मी तिला बघितलं. उशीच्या अभ्र्यात ती निळं बटण सारत होती, आणि स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवून स्वतःलाच गप्प करत होती. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने जागा झालो, शोधलं आणि घर दणाणेल असा ओरडलो, "सापडलं!" तिला मी कधी सांगितलं नाही. त्रेपन्न वर्षं मला वाटत आलं आहे, की आयुष्यात ताईला मी एक गोष्ट दिली आहे, आणि ती म्हणजे त्या दुपारचं ते ओरडणं.

घरी पोचलो तेव्हा ती खिडकीशी बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होती. जिन्याच्या वळणावर मी नाणं पुडीतून काढलं होतं. पुडी एका खिशात, नाणं दुसऱ्या.

"आलास? हात धू. आणलंस का मढं?"

"आणलंय. बघ तरी."

तिने नाणं हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटवलं. "अगंबाई, घोडा आहे की. चांगलाच उधळलाय. घड्याळजीला कळलं नाही?"

"त्याला काय कळतंय."

"तेही खरंच." तिने कागदाचा तुकडा घेतला, गुडघ्यावर वही घेतली आणि लिहू लागली. मी तिच्या हाताकडे बघत होतो. घोडा. तोंड डावीकडे. कड तुटकी. तराजूची पेटी शेजारच्या फळीवर होती, झाकण लावलेली. तिने लिहिलं, ३.४२. खाली एक रेघ मारली. दुसरी मारली.

"ताई," मी म्हटलं, "वजन केलं नाहीस."

पेन्सिल कागदावरून उचलली गेली नाही. मी खिशातून पहिली पुडी काढली आणि तिच्या वहीवर नव्या चिठ्ठीशेजारी ठेवली. दोन घोडे, दोन तुटक्या कडा, चार रेघा. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईने चष्मा नाकावर नीट केला आणि दोन्ही चिठ्ठ्या अशा बघितल्या, जणू वजनात फरक पडलाय का ते तपासत होती.

"त्या घड्याळजीला चार वेळा बजावलं होतं, पुडी उघडून नुसतं नाणं टाका म्हणून," ती म्हणाली. "पण त्याला काय बोल लावायचा. नाणं हातात आलं, कागद समोर होता, हातांनी बांधून टाकलं. मला कळलंसुद्धा नाही."

"आणतेस कुठून?"

"चौकातल्या त्या काचेच्या दारवाल्या नाण्यांच्या दुकानातून. तिथला माणूस मला मॅडम म्हणतो, खुर्ची देतो. तुला कधी दिली का खुर्ची?"

"ताई, तिथे भाव काय असतात ते मला माहीत आहे."

"मला पण माहीत आहे. माझे पैसे आहेत ते. मला काय सोन्याचे जोडे घालून मिरवायचंय?"

"तू मला फसवलंस." हे म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, तो नऊ वर्षांच्या मुलाचा होता.

"फसवलं," ती म्हणाली. "आणि तू?"

"मी काय केलं?"

"निळं बटण." तिने माझ्याकडे बघितलं. "अभ्र्यात सारलं तेव्हा बघत होतास तू. डोळे किलकिले करून. तुझ्या पापण्या अशा फडफडत होत्या, फुलपाखराला टाचणी लावल्यासारख्या. झोपलेल्या माणसाच्या पापण्या तशा नसतात. तेव्हा मी कंपाउंडर नव्हते, पण एवढं कळत होतं."

मी खुर्चीवर बसलो. त्रेपन्न वर्षं जपून ठेवलेलं एकुलतं एक नाणं कुणी तराजूत टाकावं आणि ते आपलं नव्हतंच म्हणावं, तसं झालं. किंवा उलट, दोघांचं होतं म्हणावं.

"मग बोलली का नाहीस?"

"किती छान ओरडलास तू. म्हटलं, पोराला एवढं सोंग करायची ताकद आली, म्हणजे ताप उतरला." ती हसली, आणि मग हसू पुसून म्हणाली, "रागावलास?"

मी स्वतःला चाचपून बघितलं. राग असायला हवा होता, आणि होता थोडा, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी लुकलुकत होतं, खोक्यात हात घालताना लुकलुकतं तसं. "किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"खणातली तुझी किती, माझी किती?"

तिने कपाटाच्या खणाकडे हनुवटी केली. "शोध," ती म्हणाली. "नजर आहे ना तुला? शोध."

मी खण बाहेर काढून टेबलावर आणला. दोनशेच्या वर पुड्या, सगळ्या एकाच घडीच्या. ऑपरेशननंतरच्या पुढच्या बाजूला होत्या. पहिलीच उघडली ती कणसाची. काळवंडलेली चांदी, पण कणसाचा दाणा न दाणा उभा. एवढं चांगलं नाणं सरसकटमध्ये कुणाच्या बापाला सापडेल? मी ते बाजूला ठेवलं. "ही तुझी."

"नाही."

"ताई, आता तरी खरं बोल. त्या दिवसांत मला वायसर कळत नव्हता."

"ती तुझी आहे." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ऐक. आदल्या दिवशी मी जहाज नेऊन दिलं होतं घड्याळजीला. पहिलंच. दिवसभर दाराकडे डोळे लावून बसले. तू आलास तो कणीस घेऊन. मी तशीच चप्पल घालून गेले भांडायला. म्हटलं, मी जहाज दिलं, हे कणीस कुठलं? तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, तुमचं जहाज माझ्या खणात आहे अजून, टाकायचं राहिलं. कणीस मी बघितलंही नाही, तळाला पडलं असेल काळंकुट्ट होऊन. तुमच्या भावाने हात घातला, अंगठा फिरवला आणि घेऊन गेला."

मला तो गुरुवार आठवला. नाणं काळंच होतं. डोळ्यांनी काही दिसलं नव्हतं. अंगठ्याखाली बारीक, टोकदार, रांगेतलं काहीतरी लागलं होतं, मीटरच्या काचेखालच्या आकड्यांसारखं, आणि मी मुद्दाम नाक मुरडून आधी दुसरंच नाणं उचललं होतं.

"मग थांबायचं होतंस की," मी म्हटलं.

"थांबणारच होते. पण त्या दिवशी तू दोनदा वाढून घेतलंस. पाच महिन्यांनी. मी म्हटलं, तळाला अशी किती असणार?"

मी कणीस पुडीत घातलं. घडी मला तिच्यासारखी जमली नाही. तिने ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा बांधली आणि मागच्या रांगेत, नांगराच्या नाण्याशेजारी, ठेवली. खिडकीतलं ऊन टेबलाच्या अर्ध्यावर आलं होतं. मी पुढची पुडी उचलली, वरचं लिहिलेलं न वाचता उघडली आणि नाणं मुठीत धरून अंगठा फिरवू लागलो. वर्तुळ, मग एक उंचवटा, मग काहीतरी घसरत गेलेलं, केसांसारखं.

"थांब," ताई म्हणाली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढे ओढून माझ्या तोंडाशी तोंड आणलं. "डोळे मीट आधी. आणि या वेळी नीट मीट."